डाव्या बाजूचं पुढचं चाक

आमचे घरमालक कुठलीही नवी वस्तू दिसली की एका हाताने तिला वरून धरायचे, दुसऱ्या हाताने खालून, आणि हलवून बघायचे. हलली नाही तर "बरा हाय" म्हणायचे. हलली तर नुसते तुमच्याकडे बघायचे. त्यातला ढिलेपणा तुम्हीच लाडाने वाढवून ठेवलाय, असं ते बघणं असायचं.

निजामपुऱ्यातलं आमचं घर पाडून नवं बांधायला काढलं तेव्हा आई आणि मी तीन वर्षं राहनाळला त्यांच्या चाळीत राहिलो. मी नर्स आहे, माझा दवाखाना तिथून जवळ पडायचा. टेम्पोतून सामान उतरलं त्या सकाळी या घरमालक काकांनी एकेक वस्तू दारातच अडवून तपासली. कपाट पास झालं. टेबल नापास झालं. मग त्यांनी आईच्या शिलाई मशीनचं चाक धरलं, वरखाली ढकललं आणि डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले.

"ताई, हिच्यात प्ले हाय," ते म्हणाले.

आईला वाटलं, मशीनमध्ये गाणी लागतात की काय असं ते विचारतायत. "नाही हो काका," ती म्हणाली, "साधंच मशीन आहे."

त्यांनी तिच्याकडे एवढ्या दयेने बघितलं की पुढचा महिनाभर आई त्यांच्यासमोर मशीनवर बसली नाही.

प्ले म्हणजे ढिलेपणा; हा शब्द त्यांच्या गाडीतून आला होता. जुन्या गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचलायचं, वरून-खालून धरून हलवायचं. डुगडुगलं तर समजायचं, आतलं बेअरिंग झिजलंय नाहीतर नट सैल झालाय. एवढीच ती परीक्षा. काकांनी ती सगळ्या जगाला लावली होती. चाळीचा जिना, पाण्याची टाकी, लग्नातला नवरा-नवरीचा सोफा, माझी स्कूटर, सगळं त्यांच्या हातून गेलेलं होतं. एकदा त्यांचा मेहुणा हर्नियाचं ऑपरेशन होऊन आमच्या वॉर्डात पडला होता. काका भेटायला आले, केळी ठेवली, आणि तब्येतीची चौकशी करायच्या आधी पलंगाचा दांडा धरून पलंग मेहुण्यासकट हलवला. मेहुण्याचा आवाज ऐकून मी धावत गेले.

"मानूस बरा हाय, बाय," काका मला म्हणाले. "पलंग ढिला हाय."

संध्याकाळी वॉर्डबॉयने बघितलं तर पलंगाचे दोन बोल्ट खरोखर सैल होते. त्यांची हीच पंचाईत होती. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघायचं.

त्यांचं स्वतःचं ब्लडप्रेशर मात्र त्यांनी मला कधी मोजू दिलं नाही. पट्टी घेऊन गेले की म्हणायचे, "मना काय व्हायाचा न्हाय. मी रोज चालता हाय. उभा राहतो तो बिघडतो." हे त्यांनी बैलाबद्दल, पंख्याबद्दल आणि एका आमदाराबद्दलही म्हटलेलं मी ऐकलं होतं.

गाडी होती दुधी रंगाची, गोल पाठीची, पुढे चांदीच्या दातांसारखी जाळी असलेली. काकांच्या बोलीत ती 'गारी'. कुठल्या सालची असं विचारलं की "माज्या लग्नाच्या आधीची" एवढंच उत्तर मिळायचं. तरुणपणी ते एका लूमवाल्या, म्हणजे यंत्रमागवाल्या, शेठकडे ड्रायव्हर होते. शेठनं धंदा आवरला तेव्हा ती त्यांना देऊन टाकली. पुढे घरच्या भातशेतावर गोडाऊनं उभी राहिली, दोन्ही मुलांनी उंच पांढऱ्या गाड्या घेतल्या. काका त्या गाड्यांत बसले की गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून बसायचे, लोकांच्या घरी पाहुणे गेल्यासारखे.

काकी मात्र त्या दुधी गाडीत अकरा वर्षं बसल्या नव्हत्या.

अकरा वर्षांपूर्वी दोघं कल्याणला काकींच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाला निघाले होते. भर रस्त्यात डाव्या बाजूचं पुढचं चाक आधी गुरगुरलं, मग केकाटलं, मग धूर काढून जाम झालं. काकी हिरव्या पैठणीत, हातात आहेराची पिशवी घेऊन, तीन तास रस्त्याच्या कडेला उभ्या. कुठूनसा एक मिस्तरी आणला, त्याने चाक कसंबसं फिरतं केलं. पोचले तेव्हा मांडवाचं कापड उतरवत होते. काकींच्या बहिणीने डब्यातली जिलेबी काढून दिली. काकींनी ती खाल्ली, घरी आल्या, पैठणी घडी करून ठेवली आणि सांगितलं, "यापुढं मी रिक्षान जाईन."

चाकाची गुरगुर तेव्हापासून राहिलीच. काका रोज सकाळी गाडी काढून गावात एक चक्कर मारायचे, आणि ते दोन गल्ल्या लांब असतानाच आई चहाचं आधण ठेवायची.

मग आमच्या दुसऱ्या वर्षी ट्रकचं प्रकरण आलं.

चाळीमागच्या गोडाऊनसाठी एक मोठी भाडेकरू पार्टी मिळाली होती. त्यांचे ट्रक आत वळायला जागा पाहिजे होती, आणि ती जागा म्हणजे घरापुढचं अंगण, जिथे गाडी उभी असायची. थोरल्या मुलाने नकाशा आणून ओट्यावर पसरला. त्याने नीट समजावून सांगितलं, आवाज चढवला नाही. "बाबा, गेट इकडून काढलं तर सरळ पडतं. दुसरीकडून काढायचं तर भिंत तोडायला लागेल. आणि गाडीचं काय, ती चालते तरी कुठे?"

"चालते," काका म्हणाले.

"गावात. अकरा वर्षं आईसुद्धा बसत नाही तिच्यात."

काकांनी नकाशाचा कागद वरून-खालून धरून हलवला, पण त्यात काही जीव नव्हता.

अंगण काकींच्या नावावर होतं. काकी पापड वाळत घालत होत्या. त्यांनी हातातला पापड कापडावर ठेवला आणि म्हणाल्या, "पंधरा दिस देते. मी गारीन बसून धामनकर नाक्यापर्यंत जाईन न माघारी येईन. येक डाव जरी आवाज आला त गारी भंगारात. न्हाय आला त गेट दुसरीकरं."

थोरला हसला. त्याला वाटलं, झालं काम. काका आत गेले आणि पान्ह्यांची पेटी घेऊन बाहेर आले. ती त्यांनी काकींच्या पापडांवरच ठेवली, आणि सगळ्या प्रकरणाची सुरुवात वाईट झाली.

पहिले चार दिवस नट उघडण्यात गेले. चाकाच्या मधोमध, झाकणाखाली, एक जाडजूड नट असतो. तो निघाला की हब बाहेर येतं. हब म्हणजे चाकाचा पोटातला गड्डा, त्यातच बेअरिंग बसतात. काका पान्ह्यावर उभे राहिले. मग पान्ह्याला पाइप लावून पाइपवर उभे राहिले. मग धाकट्या मुलाला पाइपवर उभं केलं, आणि पाइप निसटून तो कपडे धुवायच्या भरलेल्या टबात बसला. चौथ्या दिवशी गोडाऊनमधले तीन हमाल जेवणाच्या सुट्टीत बोलावले. चौघांनी पाइप ओढला. सगळी गाडी अंगणात हातभर सरकली, नट होता तिथेच.

काकी दारात उभं राहून बघत होत्या. "उलटा फिरवा," त्या म्हणाल्या.

कुणी ऐकलं नाही.

"डाव्या चाकाला उलटा आटा हाय," काकी म्हणाल्या. "तो मिस्तरी तीन तास त्यालाच शिव्या देत व्हता. मी बाजूलाच उभी व्हती."

काकांनी पाइप दुसऱ्या बाजूला लावला. चार दिवस सगळ्यांनी मिळून इतका आवळून ठेवलेला होता, त्यामुळे आणखी एक हमाल लागला, पण नट कर्रकन फिरला.

"मना माहीत व्हता," काका म्हणाले.

"मंग चार दिस काय करत व्हतात?"

काकांनी विचार केला. "घट्ट हाय का ते बगत व्हतो."

आतलं बेअरिंग निळं-काळं पडलं होतं. रॉकेलमध्ये धुतल्यावर त्याच्या रोलरवर खड्डे दिसले, देवीच्या वणांसारखे. काकांनी ते काकींच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं, जेवणाच्या डब्यात ठेवलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. निजामपुऱ्यात लूमच्या सुट्या भागांची एक गल्ली आहे. तिथे एका चाचांचं बेअरिंगचं दुकान होतं, आमच्या जुन्या घराच्या मागेच, म्हणून मी त्यांना तिथे नेलं.

चाचांनी डबा उघडला, आकडा वाचला आणि फळीवरून तसंच नवं काढून दिलं. मला वाटलं पाच मिनिटांत घरी. काकांनी ते नवं बेअरिंग बोटावर चढवलं, फिरवलं आणि कानाला लावलं. डोळे मिटले. ऐकलं. मग म्हणाले, "दुसरा दो."

चाचांनी दुसरं दिलं. मग तिसरं. पाचव्याला चाचा म्हणाले, "अंकल, ये बेअरिंग है, शंख नहीं है. इसमें से समंदर की आवाज नहीं आएगी."

"आवाज नय आना मंगता," काका म्हणाले, "इसी के वास्ते सुनताय."

गल्लीत दोन्ही बाजूंनी लूम खडखडत होते. माझ्याशी बोलायला चाचांना ओरडावं लागत होतं. त्या गोंगाटात हा माणूस बेअरिंगचा आवाज ऐकत उभा होता. सहावं त्यांनी पसंत केलं. चाचांनी उरलेली खोक्यात भरता भरता त्यातलं एक स्वतःच्या कानाला लावलं, फिरवलं, चेहरा जरा बदलला, आणि ते खोकं त्यांनी फळीऐवजी टेबलाखाली ठेवलं.

पुढच्या रविवारी माझी सुट्टी होती, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलं.

बेअरिंगचं बाहेरचं कडं, त्याला कप म्हणतात; हा कप हबमध्ये अगदी घट्ट बसतो. हातोडीने ठोकला तर वाकडा जायची भीती. म्हणून हब गरम करायचं म्हणजे ते जरा फुगतं, आणि कप थंड करायचा म्हणजे तो जरा आकसतो. मग तो अलगद आत पडतो, पण सगळं दहा-बारा सेकंदांत व्हायला पाहिजे. काकांनी कप प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आदल्या दिवशीच फ्रीजरमध्ये ठेवला होता. हब त्यांनी काकींच्या भाताच्या मोठ्या टोपात पाणी घालून अंगणातल्या चुलीवर उकळायला ठेवलं. टोप कुणाचा हे काकींना कळलं तेव्हा पाणी उकळून गेलं होतं.

"बाजूला व्हा," म्हणत काका स्वयंपाकघरात धावले. आम्ही सगळे बाजूला झालो. धाकट्याने चिमट्याने हब बाहेर काढून फळीवर ठेवलं, वाफा निघत होत्या. काका फ्रीजरमधून पिशवी घेऊन धावत आले, तोंडाने गाठ सोडली, आणि पिशवी हबवर उलटी केली.

आत मांदेली होती.

बर्फ झालेली, बारीक सोनेरी मासळी, पाव किलो तरी असेल. ती गरम हबमध्ये पडली आणि चर्र झालं. काकांनी पिशवीत डोकावून बघितलं, मग हबमध्ये बघितलं. त्यांच्या बोटाला एक मांदेली चिकटली होती.

"माजी मांदेली," काकी म्हणाल्या.

"माजा कप," काका म्हणाले, आणि परत आत पळाले.

दुसऱ्यांदा मात्र बरोबर पिशवी आली. हब पुसून, पुन्हा उकळून, कप वर ठेवला आणि तो टुपकन आत गेला, इतका सहज की काका खूश व्हायच्याऐवजी जरा खट्टू झाले. त्यांना वाटलं होतं, जास्त झगडा होईल. हब आम्ही तीनदा धुतलं. तरी नंतर कितीतरी दिवस गल्लीतली मांजरं त्या एकाच चाकाशेजारी येऊन बसायची, चाकाकडे तोंड करून. काका त्यांना हाकलत नसत. "बसू दे," म्हणायचे. "राखन हाय."

मग नट आवळणं. हे काम ते पूजेसारखं करायचे. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, चाक जड होईपर्यंत. मग तोच नट अगदी जरासा मागे घ्यायचा. "कसायचा, न मंग सोडायचा," ते मला समजावत होते. "नुसता कसला त जलतो. नुसता सोडला त निघून जातो. माज्या पोरांना मी तसाच वाढवला."

काकी भांडी विसळत होत्या. "तुमी फक्त सोडलात," त्या म्हणाल्या. "कसला मी."

चाक हवेत फिरवलं तर दूध ओतल्यासारखं फिरलं. नारळ फोडला, उदबत्ती लावली, चाकाला हळदकुंकू लावलं, झाकण बसवलं. काकांनी गाडी सुरू केली आणि फाटकापर्यंत नेली. गुरगुर नव्हती.

पण खट होतं. खट, खट, खट. चाकाच्या प्रत्येक फेरीला.

काकांचा चेहरा मी तेव्हा बघितला. त्यांनी गाडी तशीच मागे आणली, उतरले, आणि पहिल्यांदाच कशालाही हात न लावता ओट्यावर जाऊन बसले.

पुढच्या पाच दिवसांत त्यांनी ते चाक चार वेळा उघडलं. दरवेळी सगळं बरोबर. दरवेळी पुन्हा बसवलं, नारळ फोडला. दरवेळी खट. उलट आता ते खटखटखट असं भरगच्च झालं होतं. चाळीत सगळ्यांकडे रोज ओल्या खोबऱ्याची चटणी होत होती. काका जेवत नव्हते. पार्टी सोमवारी कागद घेऊन येणार होती.

शुक्रवारी सकाळी मी ड्यूटीवर निघाले तर ते माझ्या दारात उभे. "बाय, तुजी ती नली देतेस काय?"

नळी म्हणजे स्टेथोस्कोप. आदल्या आठवड्यात त्यांनी तो एकदा न विचारता नेला होता, आणि त्या दिवशी माझ्या वॉर्डात सात पेशंटच्या छातीवर ग्रीसचे काळे गोल उमटले होते. मोठ्या सिस्टरनी मला बोलावून विचारलं होतं, ही कुठली साथ आहे. म्हणून या वेळी मी म्हटलं, "देत नाही. मीच येते."

गाडी जॅकवर होती. त्यांनी झाकण काढलं, मी हबला स्टेथोस्कोप लावला, त्यांनी चाक फिरवलं. मी लोकांची फुप्फुसं ऐकत आले आहे, त्यामुळे खरखर मला लगेच कळते. आत काहीच नव्हतं. नुसता बारीक, एकसारखा सूर. इतकी निरोगी छाती आमच्या वॉर्डात कुणाची नसेल.

"काका, चाकाला काही झालेलं नाही."

"मंग खट कुठून येतो?"

"आता तरी येत नाहीये." मग माझ्या लक्षात आलं. "काका, झाकण लावून फिरवा."

त्यांनी झाकण लावलं. चाक फिरवलं. खटखटखट.

झाकण काढलं. शांत.

मी ते चांदीसारखं झाकण त्यांच्या हातातून घेतलं आणि उलटं केलं. आतून पाच सुपाऱ्या पडल्या. हळदकुंकू लागलेल्या, थोड्या अक्षता, एक झेंडूची पाकळी.

काका सुपाऱ्यांकडे बघत राहिले.

"ह्या कुणी ठेवल्या?" मी विचारलं.

"मी," ते म्हणाले.

"आतमध्ये?"

"चाकाची पूजा केली. चाकाची सुपारी चाकात न्हाय ठेवायची त कुठं ठेवायची?" मग हळू आवाजात, "परत्येक डाव येक."

काकी आतून बाहेर आल्या. खाली वाकून त्यांनी एकेक सुपारी उचलली, पदराला पुसली आणि मोजली. मला वाटलं आता त्या काहीतरी बोलणार. त्या आत गेल्या आणि दहा मिनिटांनी हिरवी पैठणी नेसून आल्या.

"चला," म्हणाल्या.

काकांच्या अंगावर बनियन होता आणि कोपरापर्यंत ग्रीस. "आता?"

"मंग काय सोमवारी?"

मला म्हणाल्या, "तू पन ये. मागून कोनी न्हाय म्हनायला नको." म्हणून मी पुढे बसले, गळ्यात स्टेथोस्कोप, दवाखान्याच्या कपड्यात. काकी मागे बसल्या, अगदी मधोमध, मांडीवर पर्स. थोरला फाटकात उभा होता. त्याच्याकडे न बघता काकांनी गाडी बाहेर काढली.

राहनाळच्या रस्त्याला ट्रकच ट्रक. काका इतके हळू चालवत होते की एक हातगाडी आमच्या पुढे गेली. काकी डोळे मिटून बसल्या होत्या. मी श्वास रोखून ऐकत होते. इंजिन, हॉर्न, सीटची करकर, पण चाकातून काही नाही. डांबरावर नाही, खड्ड्यात नाही, वळणावर नाही. आरशात काकींचा चेहरा दिसत होता, त्यावरून काही कळत नव्हतं.

धामणकर नाका आला. रिक्षा, टेम्पो, कापडाचे तागे लादलेल्या हातगाड्या, चारी बाजूंनी एकमेकांत घुसलेलं सगळं. आणि नेमक्या मधोमध काकांनी गाडी थांबवली.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आवाज येत न्हाय," ते म्हणाले.

"नकोच ना यायला."

"येत न्हाय म्हनजे बिलकूल येत न्हाय. कायतरी तुटला." अकरा वर्षं त्या गुरगुरीवरच त्यांनी गाडी चालवली होती. आता कानांना आधार राहिला नव्हता. मी हात धरायच्या आत ते उतरले, पुढून वळसा घालून आले, रस्त्यात गुडघे टेकले आणि डाव्या चाकाला कान लावला. मग बसल्या बसल्या चाक वरून-खालून धरलं आणि हलवायला लागले. गाडी जमिनीवर उभी होती, तेव्हा चाकाऐवजी तेच हलत होते.

मागे हॉर्नचा डोंगर उभा राहिला. रिक्षावाले खाली उतरून बघायला लागले. एकाने विचारलं, "अंदर कोई फसा है क्या?" वाहतुकीचा हवालदार शिट्टी वाजवत आला. त्याने आधी काकांकडे बघितलं, मग आत, माझ्या पांढऱ्या कपड्यांकडे आणि स्टेथोस्कोपकडे, मग मागे पैठणीतल्या काकींकडे, आणि शिट्टी तोंडातून काढली.

"सिस्टर, पेशंट कोण आहे?" त्याने मला विचारलं.

काकींनी काच खाली केली.

"गारी बरी हाय, हवालदार," त्या म्हणाल्या. "यांना सवय न्हाय."

"कशाची?"

"बरा असायची."

हवालदाराने काकांना काखेत हात घालून उठवलं, कपडे झटकले आणि स्वतः आणून स्टीअरिंगवर बसवलं. मग आमच्यापुढे उभं राहून त्याने चारी बाजूंची वाहनं अडवली आणि आम्हाला वाट करून दिली, जशी ॲम्ब्युलन्सला देतात.

काका माघारी वळवायला लागले तेव्हा काकी म्हणाल्या, "सरल घ्या."

"नाक्यापर्यंतच बोललीस ना?"

"सरल घ्या म्हनते ना."

मला त्यांनी दवाखान्याच्या दारात सोडलं. पाऊण तास उशीर झाला होता. गाडी निघून जाताना मी कान देऊन उभी राहिले, पण ऐकू यायला काही नव्हतं.

ती दोघं संध्याकाळी पाच वाजता घरी आली. कुठे गेली होती ते कुणाला कळलं नाही. गाडीच्या पायपुसण्यांवर वाळू होती आणि काकींच्या पैठणीवर चहा सांडलेला होता. आईने आठवडाभर आडून आडून विचारून बघितलं. काकी म्हणायच्या, "आवाज न्हाय आला," आणि दुसऱ्या विषयाकडे वळायच्या.

सोमवारी पार्टी आली तेव्हा काकींनी थोरल्याला ओट्यावरूनच सांगितलं, "भिंत तोर. गेट तिकरून काढ." त्याने नकाशाची घडी केली आणि पाहुण्यांना घेऊन भिंतीकडे गेला.

त्याच वेळी अंगणात गाडी पुन्हा जॅकवर होती. डावं चाक निघालेलं, नट खाली कागदावर, काका मांडी घालून समोर बसलेले. मी विचारलं, "काका, आता काय झालं?"

"काय न्हाय झाला," ते म्हणाले. "तेच बगतो. इतका चांगला कसा झाला."

काकी घराबाहेर आल्या. मला वाटलं, आता मात्र रागावणार.

"खोला," त्या म्हणाल्या. "पन शनवारच्या आत लावा. मना जायाचा हाय."

"कुठं?" काकांनी विचारलं.

काकी दोरीवरचे कपडे काढायला गेल्या, आणि काकांनी पान्हा उचलला.